टाकीच्या तोंडाशी

शांतवनकाकांनी पाच वर्षांत आमच्या घरी एकदाही साक्ष दिली नाही, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पहिल्यापासून त्यांची भक्त होते असं कुणाला वाटायला नको.

आम्ही मराठी ख्रिस्ती. सिंगापूरला, बिशानमधल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दर रविवारी दुपारी चारला मराठी उपासना असते. नगर, जालना, सोलापूर, पुणे अशी कुठकुठली बारा-पंधरा माणसं जमतात. पेटीवर दोन-तीन गाणी, वचन, प्रार्थना, आणि मग साक्ष. साक्ष म्हणजे उभं राहायचं आणि आपल्यावर काय संकट आलं, देवानं त्यातून कसं बाहेर काढलं, शेवटी त्याचं कसं भलं केलं ते चारचौघांत सांगायचं. त्यानंतर चहा-पोहे. पोहे माझे, म्हणून सगळ्यांवर डाफरायचा हक्कही माझा.

साक्षीत आमचे विल्सनभाऊ पटाईत. रॅफल्स प्लेसला बँकेत आहेत, टाय लावूनच उपासनेला येतात. त्यांच्या प्रत्येक साक्षीचा शेवट गोड. बॉसनं छळलं, गुडघे टेकले, बॉसचीच बदली झाली. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, नाकारला, तीन दिवस उपास केला, पुढच्या खेपेला मिळाला. सगळे "आमेन" म्हणायचे. मग विल्सनभाऊ दाराकडे वळून विचारायचे, "काय शांतवनकाका, आज तरी?"

काका सोफ्यावर कधी बसले नाहीत. दाराजवळ प्लास्टिकचं निळं स्टूल, तेच त्यांचं. तिथूनच म्हणायचे, "माझं अजून चाललंय." आणि चहाचा कप उचलायचे.

दर रविवारी हेच. जांभई द्यावी तितक्या सहज. मी स्वयंपाकघरात सुधीरला, म्हणजे आमच्या ह्यांना म्हणायचे, "काय मेलं चाललंय ह्यांचं? देवानं ह्यांना काहीच दिलं नाही का? निदान तोंडदेखलं तरी बोलावं माणसानं." सुधीर जहाजांचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत आहे, त्याला बंदरावरच्या बातम्या असतात. तो म्हणायचा, "करुणा, तू गप्प बस. तुला माहीत नाही."

माहीत झालं तेव्हा गप्प बसले, असंही नाही.

शांतवन गायकवाड एके काळी चीफ इंजिनियर होते. जालन्याच्या मिशन शाळेतला पोरगा समुद्रावर गेला आणि चार सोनेरी पट्ट्यांपर्यंत चढला. मग एका जहाजावर कप्तानाला घाई झाली. जहाजाच्या पोटातली एक रिकामी टाकी साफ करायला माणसं उतरवायची होती. अशी टाकी महिनोन् महिने बंद असते. आतलं लोखंड गंजतं आणि गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास नाही, धूर नाही. माणूस शिडी उतरतो आणि तळाशी पोचायच्या आत पडतो. वरचा म्हणतो, अरे पडला, आणि त्याला काढायला उतरतो. तोही पडतो. एकामागून एक अशी चांगली धडधाकट माणसं गेलेली आहेत. काका म्हणाले, मीटरनं हवा तपासल्याशिवाय माझा एकही माणूस आत जाणार नाही. मीटर बिघडलेला. नवा यायला दीड दिवस लागणार. काकांनी दीड दिवस जहाज अडवून धरलं.

माणसं वाचली, हे कुणालाच कळलं नाही, कारण कुणी मेलंच नाही. जे घडलं नाही त्याचे आभार कोण मानतो? कंपनीच्या साहेबानं मात्र अहवाल लिहिला, की हा माणूस कामात आडवा येतो, वरिष्ठांचं ऐकत नाही, आणि डोक्यानं समुद्रावर राहण्याच्या लायकीचा उरलेला नाही. सिंगापूरला उतरवून दिलं. त्यानंतर कुठल्याही कंपनीनं त्यांना घेतलं नाही. शेवटी पश्चिम टोकाच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात त्यांना काम मिळालं ते टाकीच्या तोंडाशी बसण्याचं. टाकीच्या भोकाशी एक फळा असतो. आत जाणारा माणूस आपला बिल्ला त्यावर अडकवतो, बाहेर आला की काढून घेतो. तोंडाशी बसलेल्यानं किती आत, किती बाहेर ते बघायचं, आणि काही बिनसलं तर शिट्टी फुंकायची. चीफ इंजिनियरनं. साठीला टेकल्यावर. डॉर्मिटरीत बाराजणांच्या खोलीत राहून.

हे ऐकल्यावर त्यांच्या काही खोडी मला कळल्या. आमच्या घरात पाऊल टाकलं की ते आधी नाक वर करून हवा हुंगायचे आणि खिडकी उघडायचे. मी एसी लावलेला, बाहेर बिशानचा तो घामट उकाडा, आणि हे महाशय खिडकी उघडणार. "पंधरा माणसं आहेत बाई, हवा लागते." दुसरं म्हणजे मोजणं. आले की दाराबाहेरच्या चपला मोजायचे, निघताना परत मोजायचे. आणि सारखं एकच, "तपासलं का?" गॅस बंद केला, तपासलं का? दूध चांगलं आहे, तपासलं का? एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, तुमची बायको तुम्हाला जहाजावर का पाठवायची ते आता कळलं." ते हसले. वरचे दोन दात त्या वेळी शाबूत होते.

आणि ते बॉम्ब शेल्टरचं प्रकरण. इथल्या नव्या इमारतींमध्ये प्रत्येक फ्लॅटला जाड भिंतींची, पोलादी दाराची एक खोली असते. युद्ध झालं तर लपायला म्हणून. युद्ध काही होत नाही, सगळे तिच्यात सुटकेसा आणि तांदूळ ठेवतात. एका रविवारी मुलांचा लपाछपीचा खेळ चालला होता आणि आमच्या लेकीनं, रूथनं, आत लपून ते दार ओढून घ्यायचा घाट घातला. काका उठले, आपलं निळं स्टूल घेऊन थेट त्या उंबऱ्यात बसले. दार लागेना. "अंकल, यू ब्लॉकिंग लाह!" रूथ इथल्या पोरांच्या इंग्रजीत पाय आपटून ओरडली. बाकीच्या पोरांनीही गिल्ला केला. काका बसूनच. अर्धा तास. वचन संपलं, प्रार्थना संपली, चहा झाला, हे तिथेच. मी म्हटलं, "अहो काका, त्या खोलीच्या भिंतीत हवेसाठी भोकं आहेत." ते म्हणाले, "तपासलीत का?" मी कशाला तपासतेय.

नंतर तपासली. सुटकेसांनी दोन्ही बुजली होती.

पुढे जे झालं ते सुधीरनं सांगितलं. काका स्वतः एक अक्षर बोलले नाहीत.

यार्डात जेवणाची सुट्टी संपली होती. सकाळी हवा तपासून टाकी ठीक म्हणून लिहिली होती. पण मधल्या वेळात पंखा बंद पडलेला. काका म्हणाले, परत तपासल्याशिवाय कुणी उतरणार नाही. फोरमन म्हणाला, सकाळचा कागद आहे ना, बस झालं. मीटर पाठवेना. तेव्हा काका स्वतःच मीटर आणायला गेले. चार-पाच मिनिटांचा रस्ता. तेवढ्यात जमाल नावाचा बांगलादेशी कामगार, आपली पाण्याची बाटली आत राहिली म्हणून, बिल्ला अडकवून उतरला. पाण्याची बाटली!

काका आले तेव्हा फळ्यावर एक बिल्ला होता. खाली वाकून बघितलं, तर जमाल शिडीच्या पायथ्याशी. त्याचे तीन सोबती धावत आले, त्याला काढायला उतरू लागले. काकांनी शिट्टी फुंकली, रेडिओवर मदत मागितली, आणि त्या भोकात पाय सोडून बसले. काका अंगानं भरलेले. त्यांनी ते भोकच भरून टाकलं. तिघांनी ओढलं, लाथा घातल्या, एकानं पान्याच्या दांड्यानं तोंडावर मारलं. दोन दात पडले, चष्मा टाकीत गेला. काकांनी दोन्ही हातांनी कडेचं लोखंड धरून ठेवलं होतं. पाठीवर प्राणवायूची नळकांडी लावलेली माणसं येईपर्यंत ते हलले नाहीत.

जमाल गेला. तिघे जगले.

पुढच्या रविवारी काका आले. सलाम केला, चपला मोजल्या, स्टुलावर बसले. ओठ सुजलेला. विल्सनभाऊंना राहवलं नाही. उभे राहून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "काका, आता कळलं ना? त्या साहेबानं वाईट केलं, पण देवानं तुम्हाला ह्याचसाठी तिथे बसवलं होतं! तीन जीव!" सगळे "आमेन" म्हणाले. मीही म्हणाले, मोठ्यानं. मला खरंच भरून आलं होतं. लहानपणापासून ऐकत आले होते की देव विरोधातून, हालातून भलं करतो, आणि इथे ते माझ्या दाराशी सुजलेल्या ओठानं बसलं होतं.

काका म्हणाले, "आणि चौथा? त्याला तिथे कुणासाठी निजवलं?"

पेटी वाजवणाऱ्या मुलीनं घाईघाईनं पुढचं गाणं काढलं.

आता माझा मूर्खपणा सांगते. मनात आलं, हा माणूस स्वतःवर दगड ठेवून बसलाय. ह्याला कुणीतरी दाखवायला हवं. महिन्याभरानं आमची उपकारस्तुतीची सभा होती, वर्षभराच्या उपकारांसाठी देवाचे आभार मानायची. मी ठरवलं, त्या तिघांतल्या एकाला बोलवायचं. तो उभा राहून दोन शब्द बोलेल, ह्या माणसानं मला वाचवलं म्हणेल, काकांचा बांध फुटेल, साक्ष होईल. सुधीरच्या ओळखीतून एकाचा फोन मिळवला. मोनीर त्याचं नाव. मी माझ्या दिव्य हिंदीत म्हटलं, "भाई, आप आके दो शब्द बोलेंगे? भगवान ने आपको कैसे बचाया?" त्यानं पत्ता विचारून घेतला. मग म्हणाला, "आएगा." ज्याला-त्याला "तपासलं का?" विचारणारा माणूस पाच वर्षं माझ्या दाराशी बसलेला, आणि मी मोनीरला एवढंसुद्धा विचारलं नाही की बाबा, तू कोण.

मोनीर आला. पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, पाय संकोचानं जवळ घेतलेले. काकांनी त्याला बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता विरघळणार. गाणी झाली. मी उठून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आज आपल्याकडे एक खास पाहुणा आहे. मोनीर उभा राहिला.

तो म्हणाला, "जमाल मेरा बड़ा भाई था." मग काकांकडे बोट केलं. "ये आदमी ने मेरे को जाने नहीं दिया. मेरा भाई नीचे था. मैं देख रहा था. उसका हाथ हिलता था. ये आदमी ने जाने नहीं दिया. मैं मारा, फिर भी नहीं दिया. आप लोग बोलता, भगवान का शुक्र. मैं अम्मा को क्या बोलूँ?"

विल्सनभाऊ टायची गाठ चाचपत बसले. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या घरात, माझ्या बोलावण्यावरून, एका पोराला आपल्या भावाच्या मरणाबद्दल आभार मानायला उभं केलं होतं मी.

आणि मग काका उभे राहिले. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"ह्याचं खरं आहे," ते मराठीत म्हणाले. आवाज साधा, हवा-पाण्याबद्दल बोलावं तसा. "मी मीटर आणायला गेलो नसतो तर ह्याचा भाऊ उतरला नसता. आणि ह्याला मी उतरू दिलं नाही. दोन्ही माझ्याच हातून झालं. ह्याचं जगणं देवानं केलं आणि त्याचं मरण माझ्यामुळे झालं, किंवा उलट, अशी वाटणी मला करता येत नाही. केली तर मी खोटा ठरेन. म्हणून मी साक्ष देत नाही. देवावर राग नाही माझा. पण काम अर्धं असताना पूर्ण झालं म्हणून सही मी जहाजावरही केली नाही, इथेही करणार नाही."

मग त्यांनी तेच मोनीरला हिंदीत सांगितलं. सगळं. एक शब्द गाळला नाही.

मोनीर ऐकून घेतल्यावर चपला घालून बाहेर पडला. काका त्याच्यामागून अनवाणीच गेले. मी गॅलरीतून बघितलं. इमारतीच्या पायथ्याशी जिथे म्हातारे पत्ते खेळत बसतात, तिथल्या बाकावर मोनीर बसला होता आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला काका. मध्ये एका माणसाची जागा. तासाभरानं मी काकांच्या चपला आणि दोन ताटल्या पोहे घेऊन खाली गेले. माफी मागायची होती, आणि मी नुसत्या ताटल्या पुढे केल्या. काका म्हणाले, "ठेवा बाई. कांदा जास्त झालाय आज." एवढं बोलून त्यांनी मला सोडवलं.

पुढच्या रविवारी मोनीर आला. वर नाही. खाली बाकावर बसून राहिला, उपासना संपेपर्यंत. काका खाली गेले. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी दोन ताटल्या खाली पाठवू लागले. काय बोलायचे कोण जाणे. एकदा मी गेले तेव्हा काका जमिनीवर खडूनं टाकीचं चित्र काढून दाखवत होते, कुठून हवा जाते, कुठे कोंडते. मोनीर गुडघ्यांवर हात ठेवून बघत होता. काकांवर माया करत होता असं नाही. शिकत होता.

यार्डाची चौकशी झाली. त्यात निघालं की शांतवन गायकवाड आपली जागा सोडून गेला होता. खरंच होतं ते, कागदावर. फोरमन मीटर पाठवत नव्हता हे कागदावर नव्हतं. काकांचं कामाचं परमिट पुढे वाढवलं नाही, म्हणजे परत जालन्याला. मी हे ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आपटली. देवाशी भांडले, सरळ, मोठ्यानं. एकदा खरं वागला म्हणून समुद्र काढून घेतला, दुसऱ्यांदा खरं वागला तर ते स्टूलही काढून घेतलंस? हेच का तुझं भलं करणं? रूथ दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मा, हू यू शाउटिंग अॅट?"

चांगी विमानतळावर सोडायला मी, सुधीर आणि मोनीर गेलो. विल्सनभाऊंना मीटिंग होती. काकांकडे एक सुटकेस, आणि जालन्याला बायकोसाठी घेतलेलं गुडघ्यांना लावायचं मलम, तीन बाटल्या. गळ्यात नेहमी असायची ती शिट्टी नव्हती. ती मोनीरच्या गळ्यात होती.

मी बघतेय हे बघून मोनीर म्हणाला, "कोर्स किया, दीदी. अब टंकी के मुँह पे मैं बैठता." काकांकडे न बघता त्यानं सांगितलं की गेल्या मंगळवारी जेवणानंतर फोरमन चार माणसं उतरवायला निघाला होता. तोच फोरमन. मोनीरनं उतरू दिलं नाही. फोरमन शिव्या देत होता, तुझंही परमिट घालवतो म्हणाला.

"फिर?" मी विचारलं.

"फिर मीटर आया. अंदर हवा खराब था."

काकांना हे ठाऊक नव्हतं. ते सुटकेसचा पट्टा आवळत होते, हात तिथेच थांबला. त्यांनी एवढंच विचारलं, "चारों?"

"चारों बाहर, अंकल. अंदर कोई नहीं."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, परत काढून पुसला. मी रडत होते. आणि सवय जात नाही म्हणतात तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, आता तरी?"

"अजून चाललंय, बाई," ते म्हणाले. शब्द तेच, पाच वर्षं ऐकलेले. ह्या खेपेला मला त्यांचा राग आला नाही. चाललंय म्हणजे कुणीतरी चालवत असणार, एवढं मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. ते खरं की खोटं, मी तपासलेलं नाही.

काचेपलीकडे गेल्यावर ते वळले. नेहमीसारखं बोट वर करून मोजू लागले. मी, एक. सुधीर, दोन. मोनीर, तीन. बोट खाली आलं नाही. मोनीरच्या बाजूच्या रिकाम्या जागेशी जाऊन ते थांबलं.

मोनीरनं ते बघितलं, आणि अर्धं पाऊल सरकून जागा करून दिली.

मग काका वळून आत गेले.